शिडाच्या जहाजावरची सुतारखोली : रंधा कुठे थांबवायचा?

पॅटर्नशॉप (कसबा पेठ) | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. विषय पुण्याबाहेरचा आहे, पण लाकूडकाम करणारे, जुन्या वास्तूंवर काम करणारे आणि बोटीवर उमेदीची वर्षं काढलेले असे सगळे इथे आहेत, म्हणून इथेच विचारतो.

मी छत्तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. ओतकामाआधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, ते माझं काम. ओतलेलं बीड थंड होताना शंभरात साधारण एक भाग आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा तेवढी वाढीव असते. सगळा जन्म मापात आणि खुणांत गेला. तरी पुढे सांगतो ती चूक माझ्याच हातून झाली.

२०२४ साली मुलीकडे इंग्लंडमध्ये सहा महिने होतो. तिच्या गावच्या धक्क्याला एकोणिसाव्या शतकातलं एक शिडाचं मालवाहू जहाज कायमचं बांधून ठेवलंय. तीन डोलकाठ्या, लोखंडी सांगाडा, वर लाकडी डेक. लोक तिकीट काढून बघायला येतात. मला लाकडाचं काम येतं हे कळल्यावर तिथल्या मंडळींनी आठवड्यातून एक दिवस मदतीला बोलावलं. काम होतं डेकवरच्या सुतारखोलीचं. खोली दहा फूट बाय सात. मधल्या काळात तिथे रंगाचे डबे ठेवायचे, त्यामुळे भिंतींना थरावर थर रंग बसला होता. जहाजाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. चूक माझी आहे, तिचा बोभाटा त्यांच्या नावाने व्हायला नको.

जुन्या रंगात शिसं असतं. मास्क लावून, पृष्ठभाग ओला ठेवून सावकाश खरवडायचं, कोरडा सँडपेपर मारायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि मी पाळलंही. भिंती झाल्या, शेल्फ झालं. मग खिडकीखालच्या बाकड्याची पाळी आली. पाईनची तीन इंच जाडीची फळी, एका टोकाला लाकडी व्हाइस (लाकूड पकडायचा शिकंजा). पुढच्या कडेला वरून बारीक बारीक करवतीचे काप होते, पन्नास-साठ तरी असतील. मला वाटलं, नवशिक्यांनी केलेला खराबा. माझ्या शॉपमध्ये बाकड्यावर असे काप दिसले की मी पोरांना ओरडायचो. हातात रंधा होता. अडीच फूट कड चार हातांत सपाट झाली. मला तर बरं वाटलं, सुरेख काम झालं म्हणून.

दुपारी तिथल्या संवर्धनाच्या बाई आल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या खुणांचे फोटो काढले होते का?"

काढले नव्हते.

उरलेल्या दीड फुटावरचे काप मग नीट पाहिले. सगळे एकाच दिशेने तिरपे. डेकवरच्या ज्या तोंडातून माल खाली उतरवतात, त्याचं झाकण आवळायच्या जुन्या पाचरी खालच्या कोठारात पडल्या होत्या, त्यातली एक आणून कापाशेजारी ठेवली. तिरपेपणा तंतोतंत तोच! म्हणजे तो खराबा नव्हताच. सुतार त्या जागी पाचर टेकवून कापायचा, आणि करवत शेवटच्या घावाला फळीत जरा उतरायची. वर्षानुवर्षं तीच जागा, तोच कोन. मी नवशिक्याचा म्हणून जो पुसला तो एका कसलेल्या कारागिराचा हात होता.

आता प्रश्न. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जातोय. त्यांनी मला इथून नव्या पाचरी आणि बाकड्याचा हरवलेला खण करून आणायला सांगितलाय. तिथल्या काही जणांचं म्हणणं, साफ झालेल्या कडेवर तसेच काप पुन्हा मारून टाका, बघणाऱ्याला काय कळतंय. काहींचा त्याला सक्त विरोध. मला स्वतःला ठरवता येत नाहीये. शिवाय खोली रिकामी रिकामी वाटते, म्हणून जुन्या बाजारातून चार जुनी हत्यारं न्यावीत का, हेही विचारायचंय.

वाडा_वास्तू (सदाशिव पेठ) | सोमवार, रात्री १०:०२

काका, सगळ्यात आधी, एवढं मोकळेपणाने लिहिलंत यासाठी मनापासून धन्यवाद. मी संवर्धनाचंच काम करते. असे प्रसंग प्रत्येक जागेवर घडतात, पण कोणी लिहून ठेवत नाही.

काप पुन्हा मारू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेत एक तत्त्व आहे, आम्ही रोज त्याचा आधार घेतो: अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार तिथेच थांबवायचा. नवं जे घालाल ते सगळ्यात मिसळून जावं, पण जवळून पाहणाऱ्याला नवं म्हणून ओळखूही यावं. तुम्ही आज मारलेले काप उद्या कोणीतरी खरे समजून मोजेल, त्यावर काही लिहील. ती चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी ठरेल.

वाड्यांच्या कामात हे फार होतं. खांबाचं कोरीवकाम झिजलेलं असतं आणि मालक म्हणतात, "कारागीर आहे ना, घ्या पुन्हा कोरून." कारागीर कोरतोही छान. पण मग मूळ हात कोणता हे कायमचं हरवतं.

उरलेल्या दीड फुटाचं मात्र लगेच करून घ्या. तिथल्या बाईंना सांगा, खोली अंधारी करून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडायचा आणि फोटो काढायचे. वरून मारलेल्या फ्लॅशमध्ये काप दिसतच नाहीत. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचा ठसाही घ्यायचा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

मोटरमन_ते_मर्चंट (कोथरूड) | सोमवार, रात्री १०:४८

मी इंजिनवाल्या बोटींवर होतो, शिडाच्या नव्हे. पण आमच्या काळातही बोटीवर सुतार असायचा आणि त्याला सगळे 'चिप्स' म्हणायचे. शिडाच्या काळापासून चालत आलेलं नाव आहे ते.

त्या माणसाचं काम समजून घेतलंत तर खोलीत काय ठेवायचं ते आपोआप कळेल. माल भरून झाला की त्या तोंडावर फळ्या, त्यावर ताडपत्री, कडेने लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्या आवळायला पाचरी. वादळात लाट डेकवरून जाते तेव्हा या पाचरी सैल झाल्या की ताडपत्री फाटते, पाणी मालात शिरतं आणि जहाज जातं. त्यामुळे ठोकून बघत फिरायचं, हे सुताराचं रोजचं काम. दुसरं, तळाशी किती पाणी साचलंय ते मोजायचं. नळीतून दोरीला बांधलेली लोखंडी पट्टी सोडायची, ती खडूने माखलेली, कुठवर ओली झाली ते बघून वर कळवायचं. पंप, नांगराचं यंत्र, छोट्या होड्या, डोलकाठीच्या आडव्या काठ्या, सगळं त्याच्याकडे. रात्रीची पाळी त्याला सहसा नसे, दिवसभर काम असे.

आणि हत्यारं. मालवाहू जहाजावर सुताराची पेटी बहुधा त्याची स्वतःची असायची. जहाज सोडलं की पेटी घेऊन जायचा. बाकडं, व्हाइस, धार लावायचा दगड जहाजाचा. रंधा, पटाशी, करवत माणसाची. म्हणून रिकामी खोली खोटी नाही. तुमचा सुतार उतरून गेलाय, एवढाच त्याचा अर्थ.

पॅटर्नशॉप | मंगळवार, सकाळी ७:२०

पेटी माणसाची, हे वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या शॉपमध्येही तसंच होतं. माझ्या पटाश्या माझ्या, कंपनीचं फक्त बाकडं. निवृत्त झालो त्या दिवशी पेटी रिक्षात घालून घरी आणली होती, आजही कॉटखाली आहे.

देवगडकर (सिंहगड रोड) | मंगळवार, सकाळी ११:३५

आजोबा गलबतं बांधायचे. मी स्वतः बांधलं नाही, पण लहानपणी त्यांच्या हाताखाली सूत वळलंय. आमच्याकडे फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेली कापसाची वात ठासतात. त्या जहाजांवर जुने दोर उसवून त्याचे तंतू ठासायचे आणि वर गरम डांबर ओतायचं. ठासायच्या हातोड्याच्या डोक्याला आडव्या खाचा असतात. त्या खाचांमुळे लाकूड जरा उसळतं आणि वाजतं. फट पुरी भरली की आवाज बदलतो. आजोबा पाठमोरे बसून सांगायचे, "तिकडे पोकळ वाजतंय."

माझं मत असं की लोकांना हा आवाज ऐकवा. खोलीबाहेर डेकवर दोन फळ्यांची एक चौकट ठेवा, थोडे दोराचे तंतू, एक हातोडा. ठोकू द्या लोकांना. काचेमागच्या शंभर हत्यारांपेक्षा ते लक्षात राहील.

शाळाबाई (कर्वेनगर) | मंगळवार, दुपारी ३:०५

देवगडकरांना पूर्ण अनुमोदन. मी मुलांना दरवर्षी केळकर संग्रहालयात नेते. अडकित्ते आणि दिवे पाहून मुलं हरखतात, पण प्रश्न नेहमी एकच असतो: "बाई, हे वापरायचे कसे?" हातात काही मिळालं की तो प्रश्न पुढे जातो, मग "हे कोणी केलं?" येतं.

टीक_आणि_वाडिया (बिबवेवाडी) | मंगळवार, रात्री ८:१५

जुन्या बाजारातल्या हत्यारांबद्दल दोन उदाहरणं देतो, दोन्ही इंग्लंडमधलीच.

पोर्ट्समथला मेरी रोज नावाचं जहाज आहे. १५४५ साली बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात सुताराची खोली सापडली, हत्यारांच्या पेटीसकट. रंधे, मोजपट्ट्या, मोगऱ्या. गाळात लाकूड टिकलं आणि लोखंड गेलं, त्यामुळे मुठी आणि दांडे आहेत, पाती नाहीत. खेळायचा एक पटही मिळाला. आणि त्या खोलीच्या दाराशी एका कुत्र्याचा सांगाडा. उंदीर मारायला ठेवलेला असावा. तिथे कुठली मूठ कुठे होती हे माहीत आहे, म्हणून ती खोली आज बोलते. तुम्ही नेलेला रंधा कितीही जुना असला तरी त्या जागेवरचा नाही.

दुसरं उदाहरण खास आपलं. हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाची फ्रिगेट (शिडाची युद्धनौका) आहे, अजून पाण्यावर तरंगते. ती मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधली, १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरवली. तिचे नकाशे आधी जावा नावाच्या जहाजातून पाठवले होते, ते १८१२ मध्ये अमेरिकनांनी लढाईत जिंकलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. मलबारचं सागवान वापरलं होतं. ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी बोल्ट गंजतात, सागवानातल्या तेलामुळे ते टिकतात. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधला ओक कमी पडत होता, हेही एक कारण. कणा घालताना पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता.

हे सांगण्याचं कारण, जर तुमचं जहाज मुंबईत बांधलेलं किंवा दुरुस्त झालेलं असतं तर जुन्या बाजारातला रंधा तिथे शोभला असता. तसं नसेल तर नको.

पॅटर्नशॉप | मंगळवार, रात्री ९:५०

पटलं. जुन्या बाजारातलं काहीही खोलीत ठेवणार नाही. मात्र देवगडकरांची चौकट नक्की करायची. ती नवी आहे हे कोणी लपवणार नाही, त्यामुळे लोकांनी ठोकून ठोकून झिजवली तरी चालेल.

पाचरी मी सागवानाच्या करणार होतो. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये उतरवलेल्या वाड्यांच्या तुळया मिळतात, गाभ्याचं लाकूड, सरळ रेघ. पण आता वाटतं, त्यांच्या कोठारातली पाचर ज्या लाकडाची होती तेच तिथून घ्यावं. इथून नुसता साचा न्यावा.

सुताराची_लेक (नाना पेठ) | बुधवार, सकाळी ८:४०

काका, मी दोन दिवस हा धागा वाचतेय, लिहू की नको करत होते. माझे वडील सुतार होते. घरात रोज संध्याकाळी ढलप्या गोळा करायचं काम माझं. बंबात घालायच्या आधी बाबा मूठभर ढलप्या उचलून बघायचे आणि सांगायचे, आज धार बरोबर नव्हती, इथे रेघ उलटी होती, हे लाकूड ओलं निघालं. रंध्याखालून जे गेलं ते ढलपीत दिसतं, असं म्हणायचे.

तुम्ही चार हात मारलेत ना? त्या ढलप्या कुठे आहेत?

पॅटर्नशॉप | बुधवार, सकाळी ९:०५

आहेत. बाईंनी विचारलं तेव्हा लाज वाटून मी त्या सगळ्या झाडून एका बिस्किटांच्या डब्यात भरल्या. फेकवेनात, त्यांच्या हातात द्यायचं धाडसही झालं नाही. डबा बॅगेतून इथे आला. कॉटखाली पेटीशेजारीच आहे. आजवर उघडला नाही.

सुताराची_लेक | बुधवार, सकाळी ९:२०

उघडा काका. आडवे काप असलेल्या फळीवर रंधा चालवला की ढलपी अखंड निघत नाही, प्रत्येक कापापाशी तुटते. म्हणजे दोन तुकड्यांमधली तूट हाच काप. तुकड्याची लांबी हे दोन कापांमधलं अंतर. आणि काप तिरपे असतील तर तुकड्यांची टोकंही तिरपी असणार.

वाडा_वास्तू | बुधवार, सकाळी ९:५५

हे वाचून हातातलं काम थांबवलं. ताई, अगदी बरोबर आहे.

काका, घाई करू नका. डबा उघडण्याआधी वरचा फोटो, मग एकेक थर काढताना फोटो. गुंडाळलेली ढलपी कोरडी उलगडायला गेलात तर तुटेल. चहाच्या किटलीच्या वाफेवर दुरून धरा, मऊ पडली की दोन काचांमध्ये ठेवा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक. आणि आजच बाईंना कळवा की ढलप्या तुमच्याकडे आहेत. त्या जहाजाच्या आहेत.

पॅटर्नशॉप | बुधवार, सकाळी १०:१०

कळवतो. आत्ताच.

मोटरमन_ते_मर्चंट | गुरुवार, रात्री ९:३०

काका, काय झालं?

पॅटर्नशॉप | रविवार, रात्री ८:४५

चार दिवस गप्प होतो कारण हात कामात होते. सविस्तर लिहितो.

बाईंचं उत्तर त्याच रात्री आलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उघडा, सगळ्याचे फोटो पाठवा, आणि येताना डबा हातातल्या बॅगेत आणा.

तुकडे निघाले दोनशे अकरा. पहिल्या हाताच्या ढलप्यांवर एका बाजूला जुन्या रंगाचा डाग आहे, त्यामुळे त्या लगेच वेगळ्या झाल्या. चौथ्या हाताच्या जवळजवळ अखंड आहेत, म्हणजे बरेचसे काप तिथवर संपले होते. मधल्या दोन थरांची सरमिसळ आहे, ती पूर्ण सुटेल असं वाटत नाही. पण पहिला थर सुटतोय. तुकड्यांची टोकं तिरपी आहेत, ताईंनी सांगितलं तशीच. गुण्या आणि कोनमापक लावून बत्तीस टोकं मोजली. सहा इंचाला एक इंच, त्यात किंचित मागेपुढे. कोठारातल्या पाचरीचा मी तिथे घेतलेला उतारही तोच होता, वहीत लिहिलेला आहे.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित होती. सात-आठ टोकांचा तिरपेपणा उलट्या दिशेचा आहे, आणि ती सगळी टोकं फळीच्या डाव्या अंगाची असावीत असं रंगाच्या डागावरून दिसतं. उरलेल्या दीड फुटावर असा एकही काप नाही. म्हणजे तिथे कधीतरी दुसऱ्या हाताने, डावखुऱ्या माणसाने, काम केलं असेल. किंवा त्याच माणसाने फळी उलटी धरून. नक्की सांगता येणार नाही, पण तिथे काहीतरी वेगळं होतं एवढं खरं. समजा, मी तिथे उरलेल्या कापांवरून नवे काप मारले असते, तर सगळे एकाच दिशेने मारले असते.

वाडा_वास्तू | रविवार, रात्री ९:०५

हे शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, काका.

एक व्यावहारिक सूचना, नाहीतर विसरेन. तुम्ही बाकड्याला बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावणार असाल तर आधी बाईंना विचारा. आणि लावलंतच तर तेलाची फडकी चुरगाळून खोलीत कधी टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, फडकं आपोआप पेट घेतं. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा, किंवा बाहेर एकेरी पसरून वाळवा. जुन्या लाकडी जागांना आग लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पॅटर्नशॉप | रविवार, रात्री ९:३०

तेल लावायचं ठरलं होतं, आता रद्द. बाई म्हणाल्या, फळी आहे तशी कोरडी राहू दे, फक्त मेणाचा पातळ हात लोखंडी भागांना.

बाकड्याची साफ झालेली कड तशीच राहणार. त्यावर काही कोरायचं नाही, रंग मारायचा नाही. खण मी करतोय, पुढून जुन्यासारखा, पण तळाच्या फळीवर आतून साल आणि 'पुणे' असं छापून. जोड कुसू-सालीचे (एका फळीचं टोक दुसरीच्या खाचेत), हाताने केलेले, खिळा नाही, म्हणजे उद्या काढावासा वाटला तर काही न मोडता निघेल. ढलप्या बाकड्याच्या वर भिंतीला काचेत लावायच्या, ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने, खाली पाचर.

पाटीचा मजकूर त्यांनी मलाच लिहायला सांगितलाय. इंग्रजीत ते करतील. माझा मसुदा असा:

"या जागी जहाजाचा सुतार मालाच्या झाकणाच्या पाचरी कापत असे. त्याच्या करवतीच्या खुणा उजवीकडच्या दीड फुटावर आहेत. डावीकडच्या अडीच फुटांवरच्या खुणा २०२४ साली दुरुस्ती करताना रंध्याने निघून गेल्या. वर काचेत आहेत त्या तेव्हाच्या ढलप्या. तुकडे जिथे तुटले तिथे काप होते."

काही जास्त-कमी करायचं असेल तर सांगा.

शाळाबाई | रविवार, रात्री ९:५०

"काप तिरपे का आहेत ते पाचर हातात घेऊन पाहा" असं एक वाक्य घाला. आणि एक पाचर खरंच दोरीला बांधून ठेवा, मुलांच्या उंचीवर.

देवगडकर | रविवार, रात्री १०:१५

चौकटीसाठी हातोडा मी देतो. आजोबांचा नाही, तो घरीच राहणार. पण त्यावरून मापं घेऊन तसाच दुसरा बाभळीचा करून देतो, खाचा तशाच. पुढच्या रविवारी कसब्यात येतो. तुम्ही वाजवून बघा.

सुताराची_लेक | रविवार, रात्री १०:४०

काका, ढलप्यांचे तुकडे अजून टेबलावर मांडलेले असतील तर मीही येते रविवारी. बाबांना दाखवायच्या असत्या. ते नाहीत, तर मी बघते.

पॅटर्नशॉप | रविवार, रात्री १०:५५

या. पंखा बंद ठेवलाय, उकडेल जरा. सकाळी या, खिडकीतून आडवा उजेड येतो तेव्हा टोकं स्पष्ट दिसतात.